विचाराधीन

जमिनीखाली तीन किलोमीटरवर, विंधणविवराच्या तळाशी बसवलेल्या कंपलेखकाने गुरुवारी सकाळी एक बारीक धक्का टिपला, आणि वर गोठणवाडीच्या भूगर्भ वेधशाळेत उत्कर्षा गुरवने त्याची नोंद केली. तीव्रता दोनाच्या थोडी वर. धरणाच्या त्या खोऱ्यात एवढ्याशा धक्क्याचे कुणाला काही वाटत नाही. मांडणीवरची भांडी वाजतात, बायका नुसते 'वाजली' म्हणतात आणि तव्यावरची भाकरी उलथतात. नोंद झाल्यावर उत्कर्षाने फोन काढला, प्रज्ञावृत्ती न्यासाचे पान उघडले आणि त्यावरचा एकुलता एक शब्द वाचला. विचाराधीन. मग तिने फोन खिशात टाकला आणि पुढच्या कामाला लागली.

दीड महिना झाला, तो शब्द काही हलत नव्हता. अर्जदारांचा फोनवर एक गट होता. ज्यांना वृत्ती मिळाली त्यांनी तिथे पेढ्यांचे फोटो टाकले, ज्यांना नाकारले गेले त्यांनी न्यासाच्या नावाने बोटे मोडली, आणि हळूहळू दोन्ही जातीचे लोक आपापल्या मार्गाला लागले. मागे एकटी उत्कर्षा उरली. नकाराचे दुःख मोजता येते, ते आज ना उद्या ओसरते. अधांतरी राहण्याला अशी सोय नसते.

तिचे सगळेच त्या पानावर अडकले होते. सह्याद्री मूलविज्ञान संस्थेतला प्रवेश आणि पाच वर्षांची संशोधनवृत्ती, दोन्ही न्यासाच्या एकाच होकारात येणार होते. विषय तिने स्वतः निवडला होता. विवराच्या तळाशी खडकावर पडणारा ताण, तिथल्या पाण्याची पातळी आणि भेगांतून झिरपणारा वायू, या तीन आकड्यांचा मेळ घातला तर धक्का येण्याआधी कळतो का? भूकंप आधी सांगता येत नाही हे ठासून सांगण्यात ज्यांची हयात गेली होती, अशा थोरामोठ्यांनी तिचा विषय वाचून स्मितहास्य केले होते. दुसरीकडे ओडिशातल्या एका खनिज कंपनीने तिला पक्की नोकरी देऊ केली होती आणि होकार-नकार शनिवारी दुपारी बारापर्यंत मागितला होता. कंपनीला हो म्हटले की न्यासाचा अर्ज आपोआप रद्द. कंपनीला नाही म्हटले आणि न्यासानेही नाकारले, तर तेलही गेले आणि तूपही गेले. वेधशाळेतली तिची तात्पुरती जागासुद्धा या महिनाअखेर संपत होती.

पूर्वी म्हणे असे अर्ज माणसे वाचत. गुण बघत, शिफारसपत्रे बघत आणि मुलाखतीत कोण कुणाचा भाचा हेही हळूच काढून घेत. त्यात वशिलेबाजी फार, म्हणून न्यासाने छायाविद्यार्थ्याची पद्धत आणली. अर्जदार संमती देतो. तो फोनवर आणि संगणकावर जे वाचतो, लिहितो, लिहून खोडतो, ते सगळे न्यासाच्या यंत्राकडे जाते. शिवाय घर कसले आहे, भिंती कशाच्या, रस्ता कसा, घरात आजारी कोण, लग्नाचे काय, ही सारी माहिती भरून घेतात, कारण संशोधन अडते ते बहुधा अशाच ठिकाणी. त्यातून यंत्राच्या पोटात अर्जदाराची एक छाया तयार होते. ही छाया संशोधनाची पाच वर्षे जगते, आणि एकदा नव्हे तर हजार वेळा जगते. बहुतेक वेळा तिने काम तडीस नेले तर होकार, नाहीतर नकार.

अट एकच. छाया आणि खरा माणूस यांची पावले जुळत राहिली पाहिजेत. माणूस छायेच्या अंदाजाबाहेर वागला की त्याला न्यासाच्या भाषेत फारकत म्हणत, आणि फारकत झाली की गणित पुन्हा पहिल्यापासून. निकाल लागल्यावरसुद्धा, रुजू होण्याच्या तारखेपर्यंत, हा नियम सुटत नसे. अकोल्याच्या एका मुलाने वृत्तीचे पेढे वाटले, आठवड्याभरात घरच्यांनी त्याचे लग्न ठरवले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या पानावर पुन्हा विचाराधीन. त्याच्या छायेला मुलगी सांगून आलेली नव्हती. गटात सगळे पोट धरून हसले होते. तेव्हा उत्कर्षाही हसली होती.

वेधशाळेच्या प्रमुख डॉ. हेमलता पोतनीस तिखट जिभेच्या होत्या, पण डोळे मिटून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. छायाविद्यार्थ्याची पद्धत ठरवणाऱ्या समितीवर त्या स्वतः होत्या. पोरीचे जेवण तुटले आहे आणि काम मात्र सुटलेले नाही, हे त्यांनी दोन आठवडे पाहिले. शेवटी त्या गुरुवारी दुपारी त्यांनी नागपूरला धनंजय इंगवलेला फोन लावला. धनंजय एकेकाळचा त्यांचा विद्यार्थी, आता न्यासाच्या गणनकेंद्रात छायागणितावर देखरेख करत असे. बाईंनी उत्कर्षाला समोर बसवले आणि आवाज मोठा केला.

"निकाल विचारत नाहीये. तो तू सांगायचा नाहीस आणि मी ऐकायचा नाही," त्या म्हणाल्या. "उशीर का होतोय तेवढं सांग."

धनंजयने तिची नोंद उघडली. मग म्हणाला, की हिचे गणित पुरेच होत नाही. मध्येच फारकत होते, यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू करते, परत फारकत. आणि फारकत होते ती कुठल्या मोठ्या गोष्टीवरून नाही, पान बघण्यावरून.

"पान तर सगळेच बघतात," बाई म्हणाल्या.

"सगळेच बघतात, मॅडम, पण काळजीलाही वेळापत्रक असतं. कुणी उठल्याउठल्या बघतो, कुणी जेवण झालं की, कुणी दुसऱ्याचा निकाल लागला की. दोन दिवसांत यंत्राला त्याची चाल कळते, मग छायाही त्याच वेळेला बघायला लागते. हिची चालच कळत नाही. एका सकाळी तीनदा बघते आणि मग दोन दिवस ढुंकून बघत नाही. फासे टाकून बघते की काय, विचारा तिला."

बाईंनी उत्कर्षाकडे पाहिले. ती कानापर्यंत लाल झाली होती. खरे काय ते सांगणे तिला जड गेले, पण सांगितले. तिचे वडील गावातल्या वाघजाईचे गुरव. लोक त्यांच्याकडे कौल लावायला येतात. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. त्यात एक नेम असतो. एकदा विचारले की परत विचारायचे नाही, देवी आपणहून हलेपर्यंत गप्प बसायचे. अर्ज केल्यावर पहिल्या आठवड्यात उत्कर्षा दर दहा मिनिटांनी पान बघू लागली, आकडे चुकू लागली, आणि तिला स्वतःचीच भीती वाटली. म्हणून तिने तो नेम स्वतःला लावून घेतला. धरणी आपणहून हलली, दोनाच्या वरचा धक्का नोंदला गेला, तरच पान उघडायचे. एरवी त्या पानाचे नाव काढायचे नाही.

पोतनीसबाईंनी कपाळाला हात लावला. भूकंपशास्त्राची विद्यार्थिनी आणि जमिनीला कौल लावते, यावर त्यांना पुष्कळ बोलायचे होते, पण धनंजय मध्येच म्हणाला, "मग हे कधीच पुरं होणार नाही. यंत्राला माणूस कळतो, मॅडम, जमीन कळत नाही. हिने आपलं वागणं जमिनीच्या दावणीला बांधून ठेवलंय."

मग काय करायचे याची चर्चा झाली. आतापासून पान बघणेच सोडले तर? ती आणखी एक फारकत होईल, पण शेवटची. त्यानंतरचे गणित शनिवार दुपारच्या आत पुरे होईल की नाही, हे सांगणे कठीण. बोलता बोलता धनंजय थांबला. त्याच्या समोरच्या पडद्यावर त्याला काहीतरी वेगळे दिसत होते. शेवटची फारकत मंगळवारी झाली होती. त्यानंतर एकही नाही. गणित बिनबोभाट पुढे चालले होते आणि निम्म्याहून अधिक उरकलेही होते.

मंगळवारपासून धक्केच आले नसतील, असे बाईंना वाटले. उत्कर्षाने नकारार्थी मान हलवली. चार आले होते, आणि चारही वेळा तिने पान उघडले होते.

"मग छायेनेही चार वेळा उघडलं असणार," धनंजय म्हणाला. "जुळलं म्हणायचं."

"कसं काय जुळलं?"

"जुळलं ना, मॅडम. आता काही बदलू नका. जशी बघते तशीच बघू दे. उद्या संध्याकाळपर्यंत निकाल लागेल."

तिघांच्याही जिवावरचे ओझे उतरले. बाईंनी चहा मागवला. वस्तुस्थितीमागचे कारण शोधण्याचा तिघांचाही पेशा होता, त्यातल्या एकीला तर त्यासाठी मानसन्मान मिळाले होते. पण अडलेली फाईल एकदाची हलली की ती का हलली हे आपल्याकडे कुणी विचारत नाही. विचारले तर ती पुन्हा अडेल, अशी भीती आपल्या रक्तातच आहे.

संध्याकाळी घरी गेल्यावर उत्कर्षाने हे तात्यांना सांगितले. घरात बापलेक दोघेच. डोंगराच्या पायथ्याशी दगडमातीच्या भिंतींचे, कौलारू, जुने घर. तात्या देवळातली दिवाबत्ती करून आले होते आणि चुलीपुढे हात शेकत होते. त्या एका शब्दाचा अर्थ त्यांनी पोरीला आजवर कितीदा तरी विचारला होता. आजही विचारला.

"इचाराधीन म्हंजी गं काय?"

"म्हणजे अजून काही नाही, तात्या."

"मग बरं हाय की," ते म्हणाले. "देवीला बी इचार कराया येळ लागतो. मानसालाच दम निघत न्हाई."

ओडिशात डोंगर आहेत का, तिकडे ज्वारी मिळते का, असे त्यांनी आणखी काही विचारले. पोरगी जाणार असे त्यांनी मनाशी धरले होते आणि ते लपवायचा त्यांचा प्रयत्न अगदीच कच्चा होता.

शुक्रवारी जमीन गप्प राहिली. सकाळभर एकही धक्का नाही, म्हणून उत्कर्षाने पान उघडले नाही. घड्याळाकडे बघायचे नाही असे ठरवून ती दर थोड्या वेळाने घड्याळाकडे बघत होती. दुपारी साडेतीनला एक धक्का आला, तिने पान उघडले, शब्द तोच होता. संध्याकाळी, निघायच्या वेळी, फोन आपणहून वाजला.

नामंजूर. कारण: उमेदवार रुजू होण्याची शक्यता शून्य.

तिने तो निरोप दोनदा वाचला आणि उपकरणांच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतले. काम तिला जमले नसते असे यंत्र म्हणाले असते तर तिने ते गिळले असते. पण ती येणारच नाही? दीड महिना ज्या होकारासाठी तिच्या घशाखाली घास उतरला नाही, तो मिळाला असता तर ती अनवाणी पळत गेली असती. जिने आपल्याला आतून-बाहेरून पाहिले त्या छायेलाही आपण कळलो नाही, याचे तिला रडू आले आणि ती मनसोक्त रडली. मग डोळे पुसून तिने कंपनीला होकार लिहायला घेतला.

मागोमाग आत आलेल्या पोतनीसबाईंनी तिच्या हातातून फोन काढून घेऊन निरोप वाचला. त्या निकालाच्या दुःखात नव्हत्या. त्या एका आकड्यावर अडल्या होत्या.

"शून्य?" त्या म्हणाल्या. "हजार वेळा जगून शून्य कधी येत नाही. हजारात दहा-बारा वेळा तरी वेडं माणूस येतंच. शून्य येतं ते फक्त भिंत असेल तिथे."

त्यांनी धनंजयला पुन्हा गाठले. निकाल लागला होता, आता सांगायला हरकत नव्हती. तो केंद्रातच होता. त्याने छायेची वाटचाल उघडली आणि वाचू लागला. छाया नेहमीसारखी काम करते आहे. शुक्रवारी सकाळी पान एकदाही उघडत नाही. दुपारी साडेतीनला एकदा उघडते.

"थांबा," उत्कर्षा म्हणाली. रडून तिचा आवाज बसला होता. "साडेतीन हा आकडा गणितात कधी आला?"

"मंगळवारी. त्यानंतर फारकतच नाही, म्हणजे नवीन काही घातलेलं नाही."

साडेतीनचा धक्का शुक्रवारचा होता. छायेने तो मंगळवारी पाहिला होता. उत्कर्षाने मधल्या चार धक्क्यांच्या वेळा विचारल्या आणि धनंजय एकेक सांगत गेला. समोरच्या कंपलेखकाच्या नोंदीत चारही तशाच होत्या.

"उद्याचं वाच," पोतनीसबाई म्हणाल्या.

"उद्या सकाळी सातनंतर ती पान उघडते. लगेच परत. मग परत. एकामागून एक, वीस-पंचवीस वेळा. कंपनीची मुदत आहे ना, मला वाटलं, काळजीने वेडी झाली असेल. आणि मग काही नाही."

"काही नाही म्हणजे काय?"

"काहीच नाही, मॅडम. पान नाही, फोन नाही, कंपनीला उत्तर नाही. पुढे सहा महिने काही नाही. हजारच्या हजार वेळा तसंच. यंत्राने त्याचा अर्थ लावला, की उमेदवाराला रस उरला नाही."

हे वाक्य तोंडातून गेल्यावर त्याला त्याचा अर्थ कळला. पोतनीसबाई खुर्चीवर बसल्या. "पण यंत्राला जमीन कळत नाही," त्या हळूच म्हणाल्या, "आपणच म्हणालो."

"नव्हती कळत," उत्कर्षा म्हणाली. "पण मी कधी पान उघडीन हे कळायला त्याला जमीन कळणं भाग होतं. मी रोज तळाचे तिन्ही आकडे बघते, मॅडम. मी जे बघते ते सगळं छाया बघते. दर फारकतीला यंत्राने त्यातूनच पुन्हा शोधलं असणार, आणि मंगळवारी त्याला सापडलं."

म्हणजे तिचे म्हणणे खरे होते. ते तीन आकडे बोलत होते. उत्कर्षाला एकाच वेळी इतकी भीती आणि इतका आनंद झाला, की तिला त्या आनंदाची लाज वाटली. डोंगराच्या पायथ्याशी दोनशे उंबरे होते, आणि त्यातल्या एका घरात तात्या चुलीपुढे बसले असतील.

तालुक्याच्या आपत्ती कक्षातला अधिकारी सज्जन माणूस होता. त्याने शांतपणे ऐकले आणि इशारा कुठल्या यंत्रणेचा आहे असे विचारले. एका नामंजूर अर्जाचा, असे पोतनीसबाईंनी सांगितले. तो म्हणाला, की हे लेखी पाठवा, मी वर ठेवतो, पण सोमवारशिवाय कुणी भेटणार नाही. बाईंनी वर ओळखीच्या दोघांना फोन केले. त्यांनी बाईंच्या प्रकृतीची चौकशी केली.

मग उरले तात्या. उत्कर्षाने त्यांना सगळे सांगितले. छाया, फारकत, आकडे, यातले त्यांना किती कळले देव जाणे, पण पोरीचा चेहरा त्यांना कळला. ती म्हणाली, की तात्या, गावाला सांगा देवीने कौल दिला, सकाळी कुणी घरात थांबू नका.

"खोटा कौल मी द्यायचा न्हाई," तात्या म्हणाले.

"माणसं मरतील, तात्या."

"मला कळतंय. पर आज खोटा दिला तर उद्या खऱ्याला कोन इचारंल?" त्यांनी चुलीतल्या निखाऱ्यांवर पाणी मारले. मग उठले. "पालखी काढतो. तिला कौल लागत न्हाई."

गोठणवाडीची रीत अशी, की वाघजाईची पालखी माळावर गेली की गावात चूल पेटत नाही आणि घरात माणूस राहत नाही. म्हातारेकोतारे, बाळंतिणी, सगळ्यांना उचलून नेतात. हे वर्षातून एकदा, चैत्रात होते. आता चैत्र नव्हता. तरी उजाडायच्या आधी देवळापुढे ढोल वाजला आणि लोक डोळे चोळत बाहेर आले. तात्या पालखीजवळ उभे होते. देवळाच्या पायरीवरून त्यांनी कधी भाषण केले नव्हते, तेही त्या दिवशी केले.

"देवीनं सांगितलं न्हाई," ते म्हणाले. "माज्या उत्कर्षानं सांगितलंय. धरनी हलनार हाय, मोठी. खोटं निघालं तर मला गावाभाईर काढा. पर आत्ता चला."

कुरकुर झाली. बिनमुहूर्ताची पालखी कुणी काढते का, शिकलेल्या पोरीचे ऐकून गुरवाला भ्रम झाला का, दुधाची गाडी येईल त्याचे काय, सगळे बोलून झाले. पण तोवर पालखी खांद्यावर चढली होती. खांद्यावर चढलेली पालखी बघत घरात बसून राहण्याची हिंमत गोठणवाडीत कुणाकडेच नव्हती. माणसे निघाली, गुरे सोडली गेली, आणि ज्यांनी सर्वांत जास्त शिव्या दिल्या ते सर्वांत आधी माळावर पोचले. वेधशाळेला कुलूप घालून पोतनीसबाईही धापा टाकत आल्या.

सात वाजले. काही झाले नाही. कुणीतरी मोठ्याने जांभई दिली. लोकांच्या नजरा उत्कर्षाकडे वळू लागल्या आणि तात्या मान खाली घालून पालखीवरचे निर्माल्य निवडू लागले. उत्कर्षाच्या मनात आले, की आपण चुकलो असलो तर फार बरे होईल, आणि चुकलो असलो तर तात्यांना या गावात तोंड दाखवता येणार नाही.

पहिला धक्का लहान होता. पायाखालून काहीतरी सरकल्यासारखे झाले. लगेच दुसरा, मग तिसरा, मग मोजता येईनासे झाले. तिचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि तिने तो आवरला. मग जमिनीतून एक घरघर आली आणि माळावरचा प्रत्येक माणूस खाली पडला. पडल्यापडल्या तिने गावाकडे पाहिले. घरे एकदम पडली नाहीत. आधी सगळीकडची कौले घसरली, मग भिंती बसल्या, मग डोंगराचा एक तुकडा सुटून वरच्या आळीवर आला. तात्यांचे घर वरच्या आळीत होते. धुळीने सारे गाव झाकले, आणि बायकांनी फोडलेला टाहो बराच वेळ थांबला नाही.

धूळ बसल्यावर माणसे मोजली. सगळी होती. घरांखेरीज दोन म्हशी आणि शाळेची इमारत गेली. आपण जिवंत आहोत हे लोकांना आधी कळेना. कळल्यावर एकेक जण येऊन पालखीच्या पाया पडू लागला, आणि काही बायका उत्कर्षाच्याही पाया पडू लागल्या, तेव्हा ती उठून लांब जाऊन बसली. तिला फक्त तात्यांचा हात धरून बसायचे होते.

माळावर पलीकडच्या डोंगरावरच्या फोनच्या मनोऱ्याची रेंज येत असे. थोड्या वेळाने पोतनीसबाईंचा फोन वाजला. धनंजय होता.

"ती आहे ना?" एवढेच त्याने दोनदा विचारले. बाईंनी आहे म्हटले. मग तो म्हणाला, "फारकत झाली, मॅडम. छाया सकाळी थांबली आणि ही थांबली नाही. निकाल रद्द झालाय. गणित परत पहिल्यापासून."

बाईंनी ते उत्कर्षाला सांगितले आणि पुढचेही सांगितले. यंत्राला धक्का कळला, पण कसा कळला हे त्यालाही सांगता येणार नाही. तिन्ही आकड्यांतले नेमके काय बोलले, हे कुणीतरी माणसाने बसून शोधायला हवे, पुढच्या वेळेला अर्ज नामंजूर होण्याची वाट बघता येणार नाही. त्याला चार-पाच वर्षे लागतील. वृत्ती मिळेल की नाही, बाई म्हणाल्या, हे मी आजही सांगू शकत नाही.

बारा वाजायला वेळ होता. उत्कर्षाने फोन काढून कंपनीला दोन ओळींत नकार कळवला. मग धक्का आलेला नसताना, नेम मोडून, न्यासाचे पान उघडले.

तात्या तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. घर गेले होते, देऊळ गेले होते, आणि त्यांच्या अंगावर धुळीने माखलेला कालचाच सदरा होता.

"काय म्हनतंय?"

"विचाराधीन."

"म्हंजी?"

"म्हणजे मी आहे, तात्या," ती म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिला रडू आले.

तेवढ्यात माळ पुन्हा हलला. लोक एकमेकांना धरून ओरडले. उत्कर्षाने फोन तात्यांच्या हातात दिला आणि वेळ टिपायला पोतनीसबाईंकडे पेन मागितले.